मेलबर्नला नवीन आलाय? आधी वर्षभर ऊन आणि माती बघा, घराचं नंतर

नवीन मंडळी आली की पहिल्या भेटीत तीन प्रश्न ठरलेले असतात. घर कधी घ्यावं, डॉक्टर कुठला धरावा आणि इथे कढीपत्ता लागतो का. प्रत्येकाला वेगळं सांगून घसा बसतो म्हणून एकदाच लिहून काढते. मी पश्चिमेला, तारनीटच्या बाजूला राहते, त्यामुळे जे सांगतेय ते जास्त करून वेस्टचं आहे, ईस्टवाल्यांनी आपापली माती बघून घ्यावी.

सगळ्यात आधी हे की इथे मैत्रिणी जमवा, आणि नुसत्या गणपती-दिवाळीला साड्या नेसून फोटो काढण्यापुरत्या नाही. आम्ही काहीजणी शनिवारी सकाळी तळ्याकाठी चालायला जातो आणि एका फेरीत एकीच्या दुधीला कळी आलेली असते, दुसरीच्या सासूबाईंची शुगर खाली आलेली असते, तिसरीच्या घराचा खालचा स्लॅब टाकून झालेला असतो, सगळं एका दमात. ऐकायला टाइमपास वाटतो पण मला या देशातलं उपयोगाचं जवळजवळ सगळं ज्ञान याच फेऱ्यांमधून मिळालंय. आपल्याकडे घराचा आकडा आणि तब्येतीची तक्रार झाकून ठेवायची सवय असते, ती इथे उतरल्या उतरल्या सोडा. किती भाडं देता, होम लोनच्या ब्रोकरने व्याजाचा काय रेट आणला, कुठल्या गोळ्या चालू आहेत, विचारा आणि सांगा पण. कोणी नाव ठेवत नाही, आणि ठेवलंच तर ठेवू दे.

आता ऊन. इथे सूर्य उत्तरेकडून जातो. हे भूगोलात शिकलेलो असतो पण डोक्यात शिरायला वेळ लागतो. आपण पूर्व-पश्चिमेचा विचार करत बसतो, पूर्वमुखी प्लॉटसाठी आपलेच लोक जास्त पैसे मोजतात, माझा वास्तुशास्त्राला विरोध नाही पण जूनमध्ये सकाळी हॉलमध्ये स्वेटर घालून बसायची वेळ येते तेव्हा कळतं की बसायची खोली उत्तरेला असती तर हीटरचं बिल कमी आलं असतं. मागचं अंगण उत्तरेला असेल तर थंडीतही वाफ्यावर ऊन येतं, दक्षिणेला असेल तर घराचीच सावली पडते आणि मे ते ऑगस्ट तिथे शेवाळाशिवाय काही होत नाही. म्हणून भाड्याच्या घरात असताना मोबाईलवर कंपास उघडून ऊन कुठल्या महिन्यात कुठे येतं ते बघत जा. फुकटचं शिक्षण आहे.

हेच ऊन तब्येतीचंही बघतं. उन्हाळ्यात यूव्ही इंडेक्स, म्हणजे उन्हातल्या घातक किरणांचा आकडा, तीनच्या वर गेला की टोपी आणि सनस्क्रीन, आपली कातडी सावळी आहे म्हणून काही होत नाही या भ्रमात राहू नका. उलट थंडीत यूव्ही तीनच्या खाली असतो आणि आपण ऑफिस, गाडी, घर असे काचेच्या मागेच असतो, काचेतून आलेल्या उन्हाने व्हिटॅमिन डी बनत नाही. पाय दुखतात, अंगात त्राण नाही, असं आमच्यातल्या कितीजणींना झालं आणि रिपोर्टमध्ये डी कमी. जीपीला विचारा, मनानेच मोठे डोस सुरू करू नका.

जीपी म्हणजे फॅमिली डॉक्टर, इथलं सगळं त्याच्या दारातून जातं. थेट स्पेशालिस्टकडे गेलं तर मेडिकेअरचे, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्य योजनेचे, पैसे परत मिळत नाहीत, जीपीचं रेफरल लागतं, ते साधारण बारा महिने चालतं. पीआर, म्हणजे कायम राहण्याचा व्हिसा, असेल तर आल्या आल्या मेडिकेअरला नाव घाला. वर्क व्हिसा किंवा स्टुडंट व्हिसावर असाल तर मेडिकेअर नाही, भारताशी तसा करार नाहीये, तेव्हा तुमच्या इन्शुरन्समध्ये काय बसतं ते नीट वाचून ठेवा. आणि एक गोष्ट जी कोणी सांगत नाही, वयाची एकतिशी ओलांडून पीआरवर आलात तर मेडिकेअर सुरू झाल्यापासून बारा महिन्यांच्या आत प्रायव्हेट हॉस्पिटल कव्हर घ्यायचं की नाही ते ठरवा, नंतर घेतलंत तर वयाच्या तिशीपुढच्या प्रत्येक वर्षामागे प्रीमियम दोन टक्क्यांनी वाढतो. अँब्युलन्स मेडिकेअरमध्ये नाही. व्हिक्टोरियात तिची वेगळी मेंबरशिप मिळते, पिझ्झाच्या दोन-तीन पार्ट्यांच्या पैशात घरादाराची होते, आणि ती नसताना अँब्युलन्स बोलवावी लागली तर बिल बघून परत बोलवावी लागेल. मुलांच्या लसींचं भारतातलं कार्ड जीपीकडे नेऊन इथल्या रजिस्टरमध्ये चढवून घ्या, त्याशिवाय चाइल्डकेअर आणि किंडरला, म्हणजे बालवाडीला, प्रवेश अडतो.

आता जे सांगतेय ते नीट वाचा. मेलबर्नला थंडरस्टॉर्म अस्थमा नावाचा प्रकार आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर गवताचा परागकणांचा सीझन, शहराच्या उत्तर-पश्चिमेच्या माळांवर रायग्रास नावाचं गवत माजलेलं असतं, आणि त्यात विशिष्ट वादळ आलं की ते परागकण ओलाव्याने फुटून इतके बारीक होतात की थेट फुप्फुसात जातात. २१ नोव्हेंबर २०१६ ला संध्याकाळी असं वादळ आलं, काही तासांत हजारो लोक हॉस्पिटलला धावले आणि दहा जण गेले. ज्यांना त्रास झाला त्यातल्या बऱ्याच जणांना आधी कधी दमा नव्हता, नुसत्या शिंका आणि डोळे खाजणं, आणि त्यात भारतीय उपखंडातल्या लोकांचं प्रमाण बरंच होतं. आपल्याला वाटतं सर्दी आहे, हळद-दूध घेऊ. पहिल्या वर्षी काही होत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या स्प्रिंगला शिंका सुरू होतात, तेव्हा जीपीकडे जाऊन दम्याचा नीट प्लॅन लिहून घ्या. दम्याचा निळा पंप (इनहेलर) फार्मसीत चिठ्ठीशिवाय मिळतो, तो घरात असू द्या आणि कसा घ्यायचा ते फार्मासिस्टकडून शिकून घ्या. विकइमर्जन्सी हे धोक्याच्या सूचना देणारं सरकारी अ‍ॅप मोबाईलवर टाका, त्यात थंडरस्टॉर्म अस्थमाचा अंदाज लाल असेल त्या दिवशी वादळाच्या आधी घरात या, खिडक्या बंद. आमच्यातली एक बागेची इतकी वेडी की वादळ दिसलं की टोमॅटोवर कापड टाकायला बाहेर पळायची. आता नवऱ्याला पाठवते, त्याला शिंका येत नाहीत.

बागेचं बोलायचं तर बियाणं आणि झाडं भारतातून आणू नका. कढीपत्त्याची ताजी पानंसुद्धा नाही. कढीपत्ता लिंबू-संत्र्याच्या कुळातला, त्याच्यावर बसणारी एक कीड संत्र्याच्या बागा उजाड करणारा रोग पसरवते आणि तो रोग अजून या देशात आलेला नाही, म्हणून एअरपोर्टवर एवढे कडक असतात. फॉर्मवर काही शंका असेल तर डिक्लेअर करा, डिक्लेअर केलं तर फार तर फेकून देतील, लपवलं तर दंड. रोप इथल्या नर्सरीत मिळतं. मेलबर्नला कढीपत्ता कुंडीतच ठेवा, थंडीत उत्तरेच्या भिंतीला टेकवून, पाणी अगदी कमी. जुलैत पानं पिवळी पडून गळतात आणि सगळे मेलं मेलं म्हणून रडतात, नोव्हेंबरपर्यंत थांबा, बहुतेकदा परत फुटतो. तुळशीला मात्र थंडी झेपत नाही, बी धरून ठेवा किंवा खिडकीत आत घ्या.

मेथी-कोथिंबीर मार्चमध्ये पेरा, उन्हाळ्यात कोथिंबीर लगेच फुलावर जाते. इंडियन दुकानातल्या मेथीदाण्याचं पाकीट छान उगवतं, वेगळं बियाणं नकोच. टोमॅटो, मिरची, वांगी मेलबर्न कप या घोड्यांच्या शर्यतीच्या सुमाराला, म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी, हा इथल्या जुन्या लोकांचा नियम आहे आणि तो बरोबर आहे, त्याआधी रात्रीची माती गार असते आणि रोप नुसतं बसून राहतं. दुधी मस्त होतो पण एक मेख आहे. त्याची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात आणि परागीकरणाचं काम रात्रीच्या पतंगांचं, ते इथे फार येत नाहीत, मग बारकी बारकी फळं धरून पिवळी पडून गळतात. दिवे लागायच्या वेळेला नर फूल तोडा, पाकळ्या मागे वळवा, मधला केसरांचा दांडा मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. मादी फूल ओळखायचं कसं, तर मागे बोटाएवढा लवदार दुधी आधीच लागलेला असतो. दोन दिवसांत ते बोट जाड झालं की काम फत्ते. गवारीच्या नादी लागू नका, तिला हवी तशी गरमी टिकत नाही.

आणि माती. वेस्टची माती ज्वालामुखीच्या दगडापासून झालेली चिकणमाती, आपल्या काळ्या रानासारखीच, उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा आणि पावसात चिखल. नवीन इस्टेटमध्ये तर बिल्डरने वरची चांगली माती खरवडून नेलेली असते, खाली मिळतात विटांचे तुकडे. जिप्सम घाला, कंपोस्ट घाला, नाहीतर सरळ उंच वाफा करा. पाण्याचे नियम बारमाही आहेत, नोझल लावलेल्या पाइपने कधीही चालतं पण स्प्रिंकलर फक्त संध्याकाळी सहा ते सकाळी दहा.

ही माती मी एवढी का उगाळतेय, तर तिच्यावरच घर उभं राहतं. ती ओली झाली की फुगते आणि सुकली की आकसते, मग तिच्यावर टाकलेला पायाचा स्लॅब हलतो. आमच्यातल्या एकीच्या घरात दरवर्षी फेब्रुवारीत बेडरूमचं दार अडकायचं आणि पाऊस पडला की आपोआप सुटायचं, पुढे कोपऱ्यात तिरकी भेग आली. बघायला आलेल्या इंजिनिअरने आधी भिंत बघितलीच नाही, बाहेर जाऊन भिंतीला खेटून लावलेलं झाड बघितलं. झाड जेवढं उंच होणार तेवढं ते घरापासून लांब लावायचं, आणि भिंतीलगत रोज पाणी लागणारे वाफे करायचे नाहीत. हाउस अँड लँड, म्हणजे प्लॉट आणि त्यावर नवीन घर, घेत असाल तर सॉइल रिपोर्टमध्ये मातीचा क्लास काय आलाय ते विचारा, एम, एच१, एच२, पी असे असतात, जसा क्लास चढेल तशी साइट कॉस्ट, म्हणजे जमीन तयार करून पाया घालायचा खर्च, चढते. जाहिरातीतल्या किमतीत ती बऱ्याचदा पूर्ण धरलेली नसते, आणि ड्राइव्हवे, कुंपण, पडदे, बाग हे पण बघून घ्या, डिस्प्ले होममध्ये, म्हणजे बिल्डरच्या नमुन्याच्या घरात, जे दिसतं त्यातलं निम्मं अपग्रेड असतं.

तयार जुनं घर घ्यायचं तर पीआर लागतो हे धरून चाला, १ एप्रिल २०२५ पासून ३१ मार्च २०२७ पर्यंत टेम्पररी व्हिसावाल्यांना जुनं घर घ्यायला जवळजवळ बंदीच आहे. पीआरवाल्यांना पहिल्या घरासाठी व्हिक्टोरियात सहा लाख डॉलरपर्यंत स्टॅम्प ड्युटी माफ, साडेसात लाखांपर्यंत सवलत, आणि नवीन घर साडेसात लाखांच्या आत असेल तर दहा हजारांची ग्रँट. शिवाय पाच टक्के डिपॉझिटची सरकारी स्कीम १ ऑक्टोबर २०२५ पासून मोठी झालीय, मेलबर्नसाठी साडेनऊ लाखांची मर्यादा, उत्पन्नाची अट काढलीय. पण पाच टक्क्यांत घर मिळतंय म्हणजे हप्ता झेपतोय असं नाही, हे ब्रोकर सांगणार नाही, मी सांगते.

शनिवारी ऑक्शन असतात, विकत घ्यायचं नसलं तरी जाऊन उभे राहा, नाटकच असतं. फक्त हात वर करून नाक खाजवू नका. ऑक्शनला घेतलं की माघार नाही. प्रायव्हेट सेलला, म्हणजे ऑक्शनशिवायच्या विक्रीत, विचार बदलायला तीन कामाचे दिवस मिळतात, माघार घेतली तर किमतीच्या ०.२ टक्के किंवा शंभर डॉलर, जे जास्त असेल ते कापतात. सही करायच्या आधी सेक्शन ३२, म्हणजे विकणाऱ्याने घराबद्दल दिलेली कागदपत्रं, कन्व्हेयन्सरला (घराचे कायदेशीर कागद बघणाऱ्याला) वाचायला द्या आणि बिल्डिंग-पेस्ट इन्स्पेक्शन, म्हणजे बांधकामाची आणि वाळवी-किडीची तपासणी, करा, एजंटने ओळखीतला माणूस सुचवला तरी आपला आपण शोधा.

म्हणून म्हणते, पहिलं वर्ष भाड्याने काढा. कुंड्यांत बाग करा, त्या घर बदललं की बरोबर येतात. उन्हाळ्यातला उत्तरेचा गरम वारा, थंडीतली ओल, बाथरूमच्या कोपऱ्यातली बुरशी, स्टेशनला पार्किंग किती वाजता भरतं, हे सगळं राहून बघितल्याशिवाय कळत नाही. तारनीटचं स्टेशन २०१५ मध्ये झालं आणि वस्ती त्याच्याहून जोरात वाढली, सकाळी सातनंतर जागा मिळाली तर नारळ फोडा.

आईबाबांना बोलवायचं असेल तर आल्या आल्या पहिल्या ऑक्टोबरलाच बोलवू नका, परागकणांच्या दिवसांत त्यांचा खोकला कशाचा ते शोधण्यातच महिना जातो. व्हिजिटर इन्शुरन्स घ्या, त्यात आधीपासूनचे आजार धरलेत का ते विचारा, बीपी-शुगरच्या गोळ्या प्रिस्क्रिप्शनसकट आणि मूळ पाकिटातच आणायला सांगा. फेब्रुवारीत आले तर बरं पडतं, हवा छान असते, दुधी लागलेले असतात, आणि मार्चमध्ये मेथी-कोथिंबीर पेरायला बाबांना काम मिळतं. त्यांना उंच वाफाच द्या, वाकायला नको.