परदेशातला अभ्यासदौरा कसा आखावा: आधी प्रश्न, मग शहरं

दौरा आखायला बसलं की पहिल्यांदा शहरांची यादी तयार होते आणि गडबड तिथूनच सुरू होते. दहा दिवसांत पाच शहरं घेतली, तर चार वेळा सामान बांधा, खोली सोडा, स्टेशन गाठा, नव्या शहरात पत्ता शोधा. प्रत्येक वेळी निदान अर्धा दिवस जातो. म्हणजे दोन दिवस नुसते बॅगांपायी गेले. म्हणून यादी बाजूला ठेवा आणि वहीत आधी एका वाक्यात प्रश्न लिहा.

‘जुन्या इमारती पाहणं’ हा काही प्रश्न नव्हे. ‘मधे एकही खांब न देता एवढाले घुमट कसे उभे राहिले?’ हा प्रश्न आहे. तो लिहिला की शहरं आपसूक ठरतात. रोममध्ये पँथिऑन हे प्राचीन रोमन मंदिर, इ.स. 126च्या सुमाराचं, घुमटाचा व्यास 43 मीटरहून थोडा जास्त आणि आत लोखंडी सळई नसलेलं काँक्रीट. इस्तंबूलमध्ये 537 साली चर्च म्हणून पुरी झालेली आणि आज मशीद असलेली हागिया सोफिया. फ्लॉरेन्समध्ये वास्तुकार ब्रुनेलेस्कीने 1420 ते 1436 या काळात उभारलेला कॅथेड्रलचा, म्हणजे शहरातल्या मुख्य चर्चचा, विटांचा घुमट. पॅरिस कितीही खुणावत असलं तरी या खेपेला नाही. ही काटछाट जिवावर येते, पण ती करावीच.

आता क्रम. इतिहासाच्या ओघाने जायचं तर रोम, इस्तंबूल, फ्लॉरेन्स. पण इटली शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे आणि तुर्कस्तान नाही. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर इस्तंबूलहून फ्लॉरेन्सला परतताच येणार नाही. त्यापेक्षा आधी रोम, तिथून वेगवान रेल्वेने साधारण दीड तासात फ्लॉरेन्स आणि शेवटी इस्तंबूल. विमानाचं तिकीट ‘मल्टी-सिटी’ पर्यायातून काढा. जाताना रोमला उतरायचं आणि परतीला इस्तंबूलहून निघायचं, म्हणजे रोमपर्यंतचा उलटा हेलपाटा वाचतो.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. तुम्हाला शेंगेन व्हिसा लागत असेल, तर त्या क्षेत्रातल्या ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त, त्याच्याकडे अर्ज करायचा. प्रवासाच्या 6 महिने आधीपासून अर्ज करता येतो, उशिरात उशिरा 15 दिवस आधी. या शेवटच्या मुदतीच्या भरवशावर मात्र राहू नका. प्रवासी वैद्यकीय विमा किमान 30,000 युरोंचा हवा. तुर्कस्तानचे नियम वेगळे आहेत आणि ते तुमच्या पासपोर्टवर अवलंबून असतात.

मग वाराचा हिशेब. इटलीत बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात, तर हागिया सोफियात शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी पर्यटकांना प्रवेश नसतो. फ्लॉरेन्सच्या घुमटावर जायला ठरावीक वेळेचं आरक्षण लागतं. 463 पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. कुठल्या ग्रंथालयात किंवा दप्तरखान्यात जुनी कागदपत्रं पाहायची असतील तर दोन महिने आधी पत्र लिहा. ओळखपत्र काय लागेल, फोटो काढू देतात का, हे त्याच पत्रात विचारून घ्या. हस्तलिखितांच्या दालनात बहुधा पेन चालत नाही, तेव्हा पेन्सिल जवळ असू द्या.

माझ्या मते सगळ्यात मोलाची तयारी म्हणजे प्रत्येक जागेसाठी एक निरीक्षणाचं पान. काय शोधायचं ते निघण्याआधीच त्यावर लिहून ठेवायचं. पँथिऑन: वर जाताना काँक्रीटमधली खडी हलकी होत जाते आणि माथ्याजवळ तर सच्छिद्र ज्वालामुखी दगड वापरलाय. मग घुमटाच्या आतल्या चौकोनी खोबणी आणि माथ्यावरचं उघडं भोक नीट पाहा. हागिया सोफिया: पहिला घुमट 558 साली कोसळला, नवा आधीपेक्षा उंच बांधला. घुमटाच्या तळाशी ओळीने 40 खिडक्या आहेत, त्या मोजा. फ्लॉरेन्स: घुमट दुहेरी आहे आणि चढण्याची वाट दोन कवचांच्या मधून जाते. तिथे भिंतीला हात लावण्याइतक्या जवळून विटांची तिरपी रचना दिसते. ती हाताने वहीत काढा, फोटो असला तरीही.

दिवसाला एकच मोठी जागा ठेवा आणि संध्याकाळचे दोन तास टाचणांसाठी राखा. फोटोंना त्याच रात्री नावं द्या, कारण चार दिवसांनी सगळ्या कमानी सारख्याच दिसू लागतात. प्रत्येक शहरात अर्धा दिवस मोकळा सोडा. पहिल्या भेटीत निसटलेलं काहीतरी रात्री टाचणं लिहिताना हमखास सापडतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे पुन्हा जाता येतं.