दुधीचा रस, गुळवेल आणि सैंधव: या चुका टाळा

आमच्या मुलुंडच्या बागेबाहेर सकाळी सहापासून रसवाल्याचं टेबल लागतं. दुधी, कारलं, आवळा, कोरफड. स्टीलच्या पिंपांवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या: शुगरसाठी, बीपीसाठी, वजनासाठी. चार फेऱ्या मारून आलेली मंडळी उभ्या उभ्या एक ग्लास रिचवतात आणि शेजारच्या गाडीवर इडली-वडा खाऊन घरी जातात. इडली-वड्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती ग्लासाबद्दल.

दुधी चिरताना आई एक फोड जिभेला लावून बघायची. काकडीचंही तसंच. कोथिंबिरीची देठंसुद्धा वाया न घालवणारी ही बाई, पण फोड कडू लागली की अख्खा दुधी कचऱ्यात जायचा. यामागचं कारण मला फार उशिरा कळलं. दुधी, काकडी, दोडका या वेलांमध्ये कुकरबिटासिन नावाचं विषारी द्रव्य असतं. एरवी ते नगण्य असतं, पण एखाद्या फळात फार वाढतं आणि तेच कडू लागतं. शिजवूनही ते जात नाही. भाजीत कडू फोड आली तर आपण ती थुंकतो, रस मात्र ‘औषध कडूच असायचं’ म्हणत नाक दाबून पितो. मग उलट्या, जुलाब, पोटात मुरडा, कधी रक्ताची उलटी, रक्तदाब एकदम खाली. आपल्या देशात यामुळे माणसं दगावली आहेत. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने समिती नेमली आणि कडू लागलेला रस पिऊ नका, टाकून द्या, असं स्पष्ट सांगितलं.

खरी गोची मिक्स रसात आहे. दुधीत कारलं घातलं की रस कडू लागणारच, त्यामुळे दुधी बिघडलेला होता की नाही हे जिभेला कळायची सोयच उरत नाही. आणि रसवाला पहाटे पंधरा-वीस दुधी एकदम यंत्रात घालतो, तो प्रत्येक फोड चाखणार आहे थोडाच! रस प्यायचाच असेल तर घरी, दुधी चाखून, दुसरं काही न मिसळता. तरीही कडू घोट पोटात गेला आणि उलट्या लागल्या, तर लिंबू-साखरपाणी देत घरी बसू नका. यावर उतारा नाही, उपचार लक्षणांवरच करावे लागतात आणि सलाईन लागू शकतं. सरळ हॉस्पिटल गाठा, काय प्यायलं होतं तेही सांगा. मला विचाराल तर चण्याची डाळ घालून दुधीची भाजी करा.

हीच गत गुळवेलीची. करोनाच्या काळात आमच्या सोसायटीच्या कुंपणावर कोणीतरी ती चढवली आणि घरोघरी काढा सुरू झाला. २०२० च्या अखेरीस मुंबईतल्या डॉक्टरांकडे यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आले, सगळे गुळवेल घेणारे. पुढच्या वर्षी ते निष्कर्ष वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आयुष मंत्रालयाने त्याला हरकत घेतली. त्यांचा एक मुद्दा असा की गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेलही असते आणि रुग्णांनी नेमकं काय घेतलं हे तपासलेलं नव्हतं. वाद बाजूला ठेवा. कुंपणावरची वेल नक्की कुठली, हे आमच्या सोसायटीत तरी कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नव्हतं. वैद्यांनी दिली, मात्रा सांगितली, किती दिवस घ्यायची तेही सांगितलं, तर गोष्ट वेगळी. चालू असलेल्या गोळ्या मात्र त्यांनाही दाखवा, मधुमेहाच्या तर नक्कीच, कारण गुळवेलीने साखर आणखी खाली जाऊ शकते. काढा सुरू असताना भूक मेली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले तर काढा त्याच दिवशी बंद करा आणि डॉक्टरांकडे जा.

आता पोटाकडे. लोकलच्या लेडीज डब्यात सगळ्यात जास्त चर्चा होते ती ‘पोट साफ होत नाही’ याची, आणि पर्समधून चूर्णाची पुडी निघते. बद्धकोष्ठावरच्या पुष्कळ चूर्णांत सोनामुखी असते. ती आतड्याला जबरदस्तीने हलवते. दोन-चार दिवसांसाठी ठीक, पण आठवड्याच्या वर डॉक्टरांना न विचारता घेण्याची ती वस्तू नाही. मग दुसरी सांगते, इसबगोल घे. इसबगोल पाणी शोषून फुगतं, त्यामुळे त्यावर मोठा ग्लासभर पाणी लागतंच. दोन घोटांवर भागवलं तर ते घशात अडकू शकतं, पोटात आणखी घट्ट होऊन बसतं.

आणि पाणी तर आम्ही पीतच नाही! घरून निघाल्यापासून ऑफिसात पोचेपर्यंत एक घोट नाही, संध्याकाळी परतताना तेच. का, ते लोकलने जाणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. स्टेशनवरचं स्वच्छतागृह एक तर बंद, नाहीतर उघडं असून जाववत नाही. हा दोष बायकांचा नाही, पण त्याची भरपाई चूर्णाने होत नाही. मी निघायच्या तासभर आधी दोन ग्लास पिते, घरातूनच मोकळी होऊन निघते, ऑफिसात शिरल्या शिरल्या पुन्हा दोन. उन्हाळ्यात मात्र हा हिशोब पुरत नाही, बाटली जवळ लागतेच. जेवणाच्या डब्यातला चोथाही (फायबर) हळूहळू वाढवा. सोमवारपासून एकदम सॅलड, मोड आलेली मटकी आणि फळं सुरू केली की पोट फुगतं, गॅस होतो, आणि बुधवारी सगळं बंद. पावसाळ्यात मोड कच्चे खाऊ नका, उसळ करा.

मिठाबद्दल थोडक्यात. ‘सैंधव खाते, म्हणून चालतं’ असं म्हणत वरून मीठ घेणाऱ्या दोन मैत्रिणी मला आहेत. सैंधवातही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असतं, आणि साध्या सैंधवात आयोडीन मिसळलेलं नसतं. घरातलं आयोडीनयुक्त मीठ पूर्ण हद्दपार केलं तर गलगंडाचा जुना प्रश्न परत दारात. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चहाचा चमचा. तो पापड, लोणचं, फरसाण आणि स्टेशनवरच्या वडापावातच संपतो.

गुळाच्या चहाने शुगर वाढत नाही, हा समज सोडा. वाढते. मधानेही वाढते, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, आजी कितीही म्हणाल्या तरी. नाचणीची बिस्किटं घेताना पुडा उलटा करा: घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात आणि पहिलं नाव बहुतेकदा मैद्याचं निघतं. नाचणी हवी तर भाकरी थापा, नाहीतर आंबील.

एक चूक मात्र माझीही होती. डबा संपला की लगेच चहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या आकड्यांनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, आणि जेवणाबरोबरचा चहा पालेभाजी-उसळीतलं लोह नीट अंगी लागू देत नाही. लोहाची गोळी तर चहाबरोबर गिळूच नका. डब्यात लिंबाची फोड ठेवा, लोह शोषायला तिची मदत होते, आणि चहा तासाभराने घ्या. आमच्या ऑफिसात चहावाला आता सव्वादोनला येतो. पहिला आठवडा सगळ्या जणी जांभया देत माझ्या नावाने खडे फोडत होत्या.