घरी बनवलेले पहिले फझ पेडल मुके राहिले तर

१९६६ साली लंडनमध्ये आलेल्या फझ फेस या, गिटारचा आवाज खरखरीत करणाऱ्या पेडलच्या धर्तीवर, दोन सिलिकॉन ट्रान्झिस्टर वापरून केलेले पेडल आवाज देत नसेल, तर प्रथम फूटस्विच बायपासवर (म्हणजे सिग्नल सर्किटमधून न जाता थेट पुढे जाईल असा) ठेवून गिटार वाजवावी; केबल चांगल्या असूनही तेव्हा आवाज आला नाही, तर दोष बहुधा जॅक किंवा स्विचच्या जोडणीत असतो. बायपास ठीक असल्यास मल्टिमीटरची काळी तार ग्राउंडला लावून दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवरील (त्याच्या कलेक्टर, बेस, एमिटर या तीन पायांपैकी एक) व्होल्टेज मोजावे. ९ व्होल्टच्या बॅटरीवर ते साधारण ४.५ व्होल्ट असावे. ते त्यापासून फारच दूर आढळले, तर ट्रान्झिस्टरचे पाय तपासावेत, कारण बीसी ५४७ आणि २एन ३९०४ हे ट्रान्झिस्टर दिसायला सारखे असले, तरी त्यांच्या कलेक्टर व एमिटरच्या जागा परस्परांच्या उलट असतात, आणि नवख्याची फसगत (माझीही झाली होती) इथेच होते. व्होल्टेज योग्य असूनही आवाज नसेल, तर अ‍ॅम्प्लिफायरच्या केबलच्या सिग्नल तारेला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडून, तिची ग्राउंड तार पेडलच्या ग्राउंडला लावावी आणि कुणाला तरी गिटार वाजवायला सांगून कपॅसिटरचे मोकळे टोक इनपुटपासून एकेका सांध्यावर टेकवत जावे. आवाज जिथे नाहीसा होतो, तिथले सोल्डरिंग पुन्हा करावे. अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज मात्र आधी कमी करून ठेवावा.