सरकारी कारखाना बाजारात उतरतोय? आधी रोख गिऱ्हाईक आणि थकबाकी बघा

भाव मोकळे झाले, म्हणजे सरकारने ते ठरवणं सोडलं, सबसिडी आटली की साहेब लोकांच्या मीटिंगा सुरू होतात, किती माणसं कमी करायची, कुठली मशीन विकायची वगैरे. माझं म्हणणं, पहिलं काम वेगळंय. रोख पैसे देणारं गिऱ्हाईक कोण ते शोधा. प्लॅनच्या काळात, म्हणजे काय बनवायचं आणि कुणाला द्यायचं हे सरकारच ठरवायचं तेव्हा, माल ठरल्याप्रमाणे उचलला जायचा, विकावा लागायचाच नाही, त्यामुळे विक्री करणारी माणसंच नसतात, ती आधी तयार करा.

मग उधारीची यादी काढा आणि ज्याचं मागचं बिल थकलंय त्याला नवा माल बंद, कितीही जुनी ओळख असली तरी. हे कठोर वाटेल, पण रशियात 2 जानेवारी 1992 ला बहुतेक भाव मोकळे झाले आणि कारखाने जुन्याच सवयीने एकमेकांना माल पाठवत राहिले, काही महिन्यांतच सगळ्यांचे पैसे सगळ्यांकडे अडकले, कारण मनात एकच, सरकार शेवटी भरून देईल. हंगेरीचे अर्थतज्ज्ञ यानोश कोर्नाई यांनी याच भरवशावर बोट ठेवलं होतं. पुढे बार्टर इतका वाढला की 1998 मध्ये रशियन उद्योगांची निम्म्याच्या आसपास विक्री मालाच्या बदल्यात माल अशी चालायची. बार्टर शक्यतो टाळाच, त्यात भाव फुगवलेले असतात, तोटा दिसतच नाही आणि पगार मात्र रोखच द्यावा लागतो.

हंगेरीने उलटं टोक गाठलं, 1992 पासून देणं 90 दिवस थकलं की कंपनीने स्वतः दिवाळखोरीचा अर्ज करायचा. शिस्त आली, पण वाचू शकले असते असे कारखानेही अडकले, म्हणून बँकेशी आणि सप्लायरशी हप्त्यांचं बोलणं आधीच करून ठेवा.

प्रत्येक मालाचा खर्च वेगळा काढा, कच्चा माल अन् वीज नव्या भावाने धरून. काही वस्तू अशा निघतात की त्यांचा कच्चा माल तसाच विकला तर जास्त पैसे येतील, त्या बंदच करा.

1980 च्या दशकात चीनमध्ये होती तशी दुहेरी पद्धत असेल, म्हणजे कोटा सरकारी भावाने आणि वरचं बाजारभावाने, तर त्या वरच्या मालावरच विक्री शिकून घ्या. परदेशी पार्टनर घेताना, 1991 मध्ये स्कोडात फोक्सवॅगन आली तसा, नुसते पैसे नको, टेक्नॉलॉजी आणि नवे मॉडेल येणार का ते करारात लिहून घ्या.

कारखान्याची क्वार्टर्स, पाळणाघर, दवाखाना एका रात्रीत बंद करू नका प्लीज, लेखी करार करून नगरपालिकेकडे द्या, हस्तांतर होईपर्यंतचा खर्च बजेटमध्ये धरा.