गाय सारखी उलटतेय? कृत्रिम रेतनातल्या या चुका टाळा

गाय उलटली, म्हणजे रेतन करूनही गाभण न राहता पुन्हा माजावर आली, की पहिला संशय रेतकांडीवर, म्हणजे गोठवलेल्या वीर्याच्या नळीवर जातो. कधी कांडी खरंच खराब असते, पण त्याआधी घड्याळ तपासा.

गाईचा माज साधारण 12 ते 18 तास टिकतो आणि स्त्रीबीज सुटतं ते माज संपल्यावर 10 ते 12 तासांनी. म्हणून माज सकाळी दिसला तर संध्याकाळी भरवायची (रेतन करायचं), संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. प्रत्यक्षात गाय पहाटे हंबरते, लगेच फोन जातो आणि नऊच्या आत काम उरकतं. शुक्राणू आत जेमतेम दिवसभर तग धरतात, त्यामुळे बीज सुटेपर्यंत त्यांच्यात दम उरत नाही. उशीरही तितकाच वाईट, कारण सुटलेलं बीज काही तासच कामाचं असतं.

हंबरणं, दूध घटणं, अस्वस्थपणा ही लक्षणं माजाच्या आगेमागेही दिसतात. खात्रीची खूण एकच: दुसरं जनावर अंगावर चढलं तरी गाय शांत उभी राहते. दावणीला बांधलेल्या गाईत ती दिसणार कशी? सकाळ-संध्याकाळ अर्धा तास मोकळं सोडा. सोट, म्हणजे माजात योनीतून येणारा चिकट स्राव, काचेसारखा स्वच्छ हवा. तो पांढुरका, पिवळसर किंवा पुवाचा असेल तर त्या माजाला भरवू नका. आधी गर्भाशयावर उपचार करून घ्या.

म्हशीचं गणित अवघड. उन्हाळ्यात मुका माज, म्हणजे बाहेरून लक्षणं न दिसणारा, तोही बहुधा रात्री किंवा पहाटे. धारेला बसण्याआधी तिच्या बसायच्या जागी सोट पडलाय का ते बघायची सवय लावा.

माजानंतर दोन-तीन दिवसांनी शेपटीला रक्त दिसलं की काही जण घाबरून पुन्हा रेतन करायला लावतात. तो माज नव्हे, आणि गाय गाभण राहिली की नाही हेही त्यावरून ठरत नाही. माज मात्र नुकताच होऊन गेला हे नक्की. तारीख लिहा आणि पुढच्या माजावर अठराव्या दिवसापासून नजर ठेवा.

आता कांडी. ती उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये असते. शोधताना कॅनिस्टर (कांड्या ठेवलेला डबा) कंटेनरच्या तोंडाबाहेर काढून धरला तर आतल्या सगळ्याच कांड्यांचं नुकसान होतं, आणि पुन्हा बुडवल्याने ते भरून येत नाही. कांडी चिमट्याने काही सेकंदांत उचलायची, 37 अंशांच्या पाण्यात 30 सेकंद ठेवायची. तळहातावर चोळून, शर्टाच्या खिशात ठेवून किंवा अंदाजाने कढत पाणी घेऊन वितळवणं चालत नाही. थर्मामीटर नसेल तर मागा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मग कांडी कोरडी पुसायची, कारण पाण्याचा थेंब आत गेला तरी शुक्राणू मरतात. कापसाची बाजू गनमध्ये (वीर्य सोडायच्या लांब नळीत) आत, सीलची बाजू सरळ काटकोनात कापायची; तिरकी कापली तर वीर्य शीथमध्येच, म्हणजे गनवरच्या प्लास्टिकच्या आवरणातच गळतं. वितळल्यापासून 15 मिनिटांत काम संपायला हवं. थंडीत गनही आधी हाताने घासून कोमट करावी.

गन फार पुढे, गर्भाशयाच्या शिंगात ढकलणं ही नवख्यांची चूक. गर्भाशयाच्या मुखातच रिकामी करणं ही घाईची. वीर्य मुख ओलांडल्याबरोबर, गर्भाशयाच्या सुरुवातीला हळूहळू सोडायचं. शीथ दर जनावराला नवी.

गाभण गाईही कधीकधी माज दाखवतात. आधी भरवलेल्या गाईची तपासणी न करताच गन घातली तर गर्भ जाण्याचा धोका असतो. हाताने गर्भतपासणी साधारण 60 दिवसांनंतर, सोनोग्राफीने 30 दिवसांच्या आसपास होते.

माज वेळच्या वेळी येतोय, सोट स्वच्छ आहे, तरी तीनदा उलटली, तर चौथी कांडी वाया घालवू नका. पशुवैद्यकाकडून गर्भाशय आणि बीजांडं तपासून घ्या, खुराकातलं खनिज मिश्रण बघा. तपासणीच्या वेळी प्रत्येक रेतनाची तारीख, वेळ आणि कांडीवर छापलेला वळूचा क्रमांक हाताशी ठेवा. तो क्रमांक पुढे कालवडीलाही लागतो, नाहीतर तिला तिच्याच बापाची कांडी भरली जाते.