कृष्णविवराच्या बाष्पीभवनाचा पेज-वक्र हाताने कसा काढावा

कृष्णविवर प्रारण सोडत सोडत आटून संपले की त्यात पडलेल्या माहितीचे काय होते, हा वाद नुसता वाचण्यापेक्षा आलेखाच्या कागदावर काढून पाहिला, तर लवकर उमगतो. आडव्या अक्षावर विवराच्या आयुष्याचा सरलेला अंश ० ते १ असा घ्यावा आणि उभ्या अक्षावर एन्ट्रॉपी (आत किती वेगवेगळ्या अवस्था दडू शकतात, याचे माप), विवराची आरंभीची एन्ट्रॉपी १ धरून. वर्षे मांडण्याच्या फंदात पडू नये. सूर्याएवढ्या विवराच्या आयुष्यातील वर्षांचा आकडाच ६८ अंकी आहे.

पहिली रेषा विवराची. त्याची एन्ट्रॉपी वस्तुमानाच्या वर्गाच्या प्रमाणात असते आणि उरलेले आयुष्य घनाच्या. म्हणून उरलेल्या अंशाचे घनमूळ काढून त्याचा वर्ग करावा. ०.२, ०.४, ०.६ आणि ०.८ या ठिकाणी अनुक्रमे ०.८६, ०.७१, ०.५४ आणि ०.३४ मिळतात, शेवटी शून्य.

दुसरी रेषा बाहेर पडलेल्या प्रारणाची. भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांच्या १९७४ च्या गणितानुसार सुटणाऱ्या प्रत्येक कणाचा गुंतलेला (म्हणजे ज्याची अवस्था त्या कणाच्या अवस्थेशी जोडलेली आहे असा) जोडीदार आत राहतो; प्रारणाची एन्ट्रॉपी म्हणजे या गुंतण्याचे माप, त्यामुळे ती वाढतच जाते. विवराने गमावले तेवढेच प्रारणाने कमावले असे मानून वरचे आकडे १ मधून वजा करावेत. (प्रत्यक्षात कमाई थोडी अधिक असते, म्हणून छेदबिंदू काहीसा डावीकडे सरकतो.)

दोन्ही रेषा ०.६५ च्या सुमारास छेदतात. पेन्सिल इथेच थांबवावी, कारण खरी अडचण इथे आहे. विवर आपल्या एन्ट्रॉपीहून अधिक प्रारणाशी गुंतू शकत नाही; तेव्हा माहिती टिकायची असेल, तर प्रारणाची रेषा या बिंदूपासून विवराच्या रेषेबरोबर खाली उतरलीच पाहिजे. छेदापूर्वी दुसरी आणि नंतर पहिली रेषा ठळक केली की भौतिकशास्त्रज्ञ डॉन पेज यांचा १९९३ चा वक्र तयार होतो. पेच विवर अगदी चिमुकले झाल्यावर, अखेरच्या क्षणी येतो, असा समज सर्रास आढळतो; परंतु छेदापाशी ७१ टक्के वस्तुमान अजून शिल्लक असते, आणि चिमुकल्या विवरापाशीच लागणाऱ्या अज्ञात भौतिकीवर भार टाकण्याची सोय तिथे नसते.

२०१९ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ पेनिंग्टन यांनी, तसेच अल्महैरी आणि सहकाऱ्यांनी, हे वळण गुरुत्वाकर्षणाच्या गणितातूनच मिळवले. मात्र कोणत्या कणावर कोणती माहिती आहे, हे त्यातून वाचता येत नाही. म्हणून उताराशेजारी ‘माहिती परत आली’ असे न लिहिता ‘एन्ट्रॉपी उतरली’ एवढेच लिहावे.