नाशिकमध्ये कंदाचा बेगोनिया: पावसात वाढवा, थंडीत फुलवा

आधी एक क्लिअर करून घेऊ, कारण बेगोनिया म्हटलं की दहा जणांच्या डोळ्यासमोर दहा वेगळी झाडं येतात. थंडीत गंगापूर रोडच्या नर्सऱ्यांमध्ये कुंडीत गच्च फुललेला जो बेगोनिया दिसतो तो बहुतेक वेळा रीगर जातीचा असतो, त्याला जपून ठेवण्यासारखा कंद धरत नाही, बहर संपला की झाडही बहुतेक संपतंच. छोट्या चकचकीत पानांचा, रस्त्याच्या दुभाजकातसुद्धा लावतात तो वॅक्स बेगोनिया. मी बोलतोय तो ट्यूबरस बेगोनिया, ज्याचा तपकिरी चपटा कंद विकत मिळतो आणि नीट सांभाळला तर तोच कंद पुढची कितीतरी वर्षं लावता येतो. फूल तळहाताएवढं, गुलाबासारखं पाकळ्यांवर पाकळ्या, केशरी, पिवळं, लाल, पांढरं. एकदा बघितलं की माणूस गेला कामातून.

आता खरी अडचण. पाकिटावर लिहिलेलं असतं मार्च-एप्रिलमध्ये लावा. ते युरोपसाठी आहे हो! नाशिकला मार्चमध्ये लावला तर कोंब वर येईपर्यंत चाळीशीचं ऊन डोक्यावर, आणि ३० च्या वर पारा गेला की हे झाड कळ्या टाकायला लागतं, खोड मऊ पडतं. याचे मूळ पूर्वज पेरू-बोलिव्हियाकडच्या अँडीज पर्वतातले, १८६०च्या दशकात रिचर्ड पिअर्स नावाच्या माणसाने ते तिथून इंग्लंडला पाठवले आणि मग संकर सुरू झाले. म्हणजे दिवसा बेताचं ऊन आणि रात्री गारवा ही त्याची मूळ सवय. मग बरेच जण म्हणतात की आपल्याकडे थंडी मस्त पडते, निफाडला तर पारा कुठल्या कुठे खाली जातो, तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावू. इथे दुसरी गोम आहे जी फार कमी जण सांगतात.

हे झाड दिवस किती मोठा आहे ते मोजतं. दिवस मोठा असला की पानं-फुलं, आणि दिवस साधारण साडेबारा-तेरा तासांच्या खाली आला की त्याला वाटतं आता थंडी आली, मग ते फुलं सोडून सगळी ताकद खाली कंदात भरायला लागतं आणि झोपी जातं. बेल्जियममध्ये गेंट शहराच्या आसपास हे कंद शेतात पिकवतात, तिथे जूनचा दिवस साडेसोळा तासांचा. आपला नाशिकचा सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या जरासा पुढे आणि डिसेंबरात जेमतेम अकरा. म्हणजे आपल्याकडे गारवा असतो तेव्हा दिवस लहान, आणि दिवस मोठा असतो तेव्हा भट्टी. मधली फट एकच, पावसाळा. जून मध्यापासून सप्टेंबरपर्यंत पारा २२ ते ३० मध्ये खेळतो, ढग असतात, दिवसही मोठा.

म्हणून माझं मत असं की कंद मेच्या शेवटी घरात कोंबवायचा, पावसात वाढवायचा, आणि १५ ऑगस्टचं झेंडावंदन झालं की कुंडीच्या वर दोन-अडीच फुटांवर साधा ९ वॅटचा पांढरा एलईडी बल्ब लावायचा. महागडा ग्रो लाईट अजिबात नको, हा उजेड अन्न बनवायला नाही तर झाडाला फसवायला आहे. सूर्य मावळायच्या आधी चालू, रात्री नऊला बंद, एकूण १४ तास उजेड झाला की पुरे, टायमरचा प्लग मिळतो तो लावून टाका नाहीतर एक दिवस विसरता मग दोन दिवस विसरता. एवढं केलं की ऑगस्टमध्ये सुरू झालेली फुलं दिवाळी ओलांडून संक्रांतीपर्यंत चालतात, आणि सगळ्यात भारी फुलं नोव्हेंबर-डिसेंबरची, कारण तेव्हा रात्री गार असतात. बल्ब नाही लावला तर सप्टेंबर संपताना झाड पिवळं पडायला लागेल आणि तुम्ही खत कमी पडलं का, रोग आला का म्हणून डोकं खाजवत बसाल.

कंद ऑनलाईन साधारण हिवाळ्यात, फेब्रुवारी-मार्चपर्यंत विकायला येतात. घेताना दोन इंच रुंदीच्या आसपासचा, दाबला तर कडक लागणारा घ्या, मऊ किंवा वास मारणारा परत पाठवा. पहिल्यांदाच लावत असाल तर नॉनस्टॉप जातीपासून सुरुवात करा, फुलं थोडी लहान पण भरपूर येतात आणि गरमी जरा जास्त सोसते. आणि लगेच लावायची घाई नको, कागदी पिशवीत सुक्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) घालून फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा, मेपर्यंत तिथेच. फ्रीझरमध्ये मात्र चुकूनही नाही.

मेच्या शेवटच्या आठवड्यात घरातली सगळ्यात गार खोली शोधा, तळमजल्याची किंवा उत्तरेकडची. कोकोपीट दोन-तीन पाण्यांत धुऊन घ्या कारण त्यात मीठ असतं, मग मुठीत घट्ट पिळा, थेंब पडला नाही पाहिजे, नुसती ओल लागली पाहिजे. पसरट ट्रेमध्ये तीन इंच भरा. कंदाची एक बाजू गोल आणि दुसरी पणतीसारखी खोलगट असते, खोलगट बाजू वर, गोल बाजू खाली. कोंब त्या खळग्यातून येतात. कंद अर्धा बुडेल एवढाच दाबा आणि खळग्यात पाणी जाऊ देऊ नका, तिथे पाणी साचलं की कंद सडलाच समजा. पाणी कडेकडेने, चमच्याने दिलं तरी चालेल. थोडी ट्रायकोडर्मा पावडर (सड आणणाऱ्या बुरशीला रोखणारी मित्र बुरशी) कोकोपीटमध्ये मिसळली तर चांगलंच. गुलाबी टोकं दिसायला दोन-तीन आठवडे, कधी महिनाही लागतो, काही कंद जाम आळशी असतात. रोज उकरून बघू नका.

कोंब इंचभर झाले की मुळं कंदाच्या अंगावरून चहूबाजूंनी सुटतात, वरच्या अंगाने पण, त्यामुळे आता वरून अर्धा-पाऊण इंच कोकोपीट टाका. दोन-तीन पानं नीट उघडली की ८ इंची कुंडीत हलवा, एका कुंडीत एकच कंद. मिश्रण एकदम हलकं पाहिजे: दोन भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत, एक भाग परलाईट (पांढरे हलके दाणे, त्याने मिश्रण मोकळं राहतं). नाशिकची काळी माती द्राक्ष-कांद्याला कितीही सोन्यासारखी असली तरी इथे ती चिमूटभर पण नको, पावसाळ्यात तिचा चिखल होतो आणि मुळं गुदमरतात. कच्चं शेणखतही नको.

जागा पूर्वेच्या गॅलरीची, सकाळी नऊपर्यंतचं कोवळं ऊन मिळालं की बास, नंतर लख्ख उजेड पण सावली. पश्चिमेची गॅलरी असेल तर ७५ टक्क्यांचं शेडनेट लावल्याशिवाय भानगडीत पडू नका, ऑक्टोबर हीटमध्ये तर पूर्वेलाही नेट लागतं आणि फरशीवर दुपारी पाणी मारावं लागतं. त्र्यंबक-इगतपुरीकडे राहणाऱ्यांची मजा आहे, गारवा जास्त, फक्त पावसाच्या झोडपण्यापासून आडोसा हवा. आणि हो, पाऊस आवडतो म्हणजे पावसात ठेवायचा असं नाही! डोक्यावर छप्पर पाहिजेच. गच्चीवरचा वारा पण नको, खोडं पाण्याने भरलेली आणि ठिसूळ असतात, कट्कन मोडतात. कुंडीत लावतानाच बांबूची काडी खोचून ठेवा, नंतर खोचली तर कंदातून आरपार जाईल. सुतळी ढिली बांधा.

एक गंमत बघा, पानांची टोकं ज्या दिशेला असतात त्याच दिशेला फुलं तोंड करतात. म्हणून कुंडी ठेवताना टोकं आपल्याकडे येतील अशी ठेवा, नाहीतर फुलं सगळी भिंतीला दिसणार आणि तुम्हाला पाठ.

मोठी फुलं हवीत तर उभ्या जातीला एक किंवा दोनच खोडं ठेवा, बाकीचे कोंब तीन-चार इंचाचे असताना कापून कोकोपीटमध्ये लावले तर तेही जगतात. टांगत्या कुंडीच्या पेंड्युला जातीला मात्र सगळी खोडं राहू द्या. पहिल्या कळ्या मन घट्ट करून खुडा, झाड आधी भरू दे. पुढे कळ्या झुपक्याने येतात, मधली नर कळी आणि तिच्या बाजूला बहुधा मादी कळ्या. मादीच्या पाठीमागे तीन पंखांची बोंडी असते आणि फूल एकेरी साधं असतं, ती नखाने काढून टाकली की मधलं डबल फूल टम्म फुगतं. बायका-मंडळींनी यावर टोमणे मारू नयेत, झाडाचं तसंच आहे.

पाणी वरचा इंचभर थर सुकल्यावर, सकाळी, पानांवर न उडवता. बोअरचं खारं पाणी टाळा, पावसाचं साठवलेलं सगळ्यात बेस्ट. खतासाठी कुठल्याही कृषी सेवा केंद्रात जा, द्राक्षवाल्यांच्या कृपेने नाशिकमध्ये विद्राव्य म्हणजे पाण्यात विरघळणारी खतं गल्लोगल्ली मिळतात. सुरुवातीला १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच), लिटरला अर्धा ग्रॅम, दहा-बारा दिवसांनी एकदा, कळ्या दिसल्या की ०:५२:३४ (नत्र नाही, स्फुरद-पालाशच) तेवढंच. पानं काळपट निळसर हिरवी होऊन कडा वळायला लागल्या तर खत जास्त झालंय, थांबा.

रोगांत पहिला नंबर भुरीचा. द्राक्षावर येते तशीच पांढरी पावडर पानांवर, पण बुरशी वेगळी, शेजारच्या बागेतून आली म्हणून भांडू नका. हवा खेळती ठेवा, कुंड्या चिकटून ठेवू नका, डाग दिसताच पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम संध्याकाळी फवारा, पण पारा ३० च्या वर असेल त्या दिवसांत नको, पानं भाजतात. खोड बुडाशी काळं-मऊ पडलं तर निरोगी भागापर्यंत स्वच्छ ब्लेडने कापा, कापलेल्या जागी कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक लावा, पाणी तोडा, कंद कडक असेल तर पुन्हा फुटतो. गळालेली फुलं पानांवर पडून राहू देऊ नका, सड तिथूनच सुरू होते. आणि घरात कुत्रा-मांजर असेल तर कंद त्यांच्या तोंडाला लागणार नाही असा ठेवा, पोटात गेला तर त्यांना त्रास होतो.

संक्रांत झाली की बल्ब बंद, खत बंद. लहान दिवस लागल्यावर झाड कंद भरायला घेतं, पानं पिवळी पडत जातात, तसं पाणी कमी करत न्या. खोड ओढून काढायचं नाही, ते आपोआप सुटून पडतं, ओढलं तर जखम होते आणि कंद तिथून कुजतो. मग कंद काढा, माती झटका, धुऊ नका, सावलीत आठवडाभर वाळवा, खळग्यातला खोडाचा उरलेला तुकडा पण सुटू द्या. थोडं गंधक भुरभुरून परत कागदी पिशवी, सुकं कोकोपीट आणि फ्रीजचा तोच कप्पा. पिशवीवर रंग लिहून ठेवा आणि महिन्यातून एकदा चाचपून बघा, एखादा मऊ लागला तर बाकीच्यांपासून लगेच वेगळा काढा. एप्रिलमध्येच गुलाबी डोळा दिसायला लागला तर पाकिटात कोंडून ठेवू नका, ट्रेमध्ये घ्या आणि उन्हाळाभर त्या गार खोलीतच राहू द्या.